चांगी ते जेएफके : अंतर १५,३४९ किमी, मग वेळेचा हिशेब का जुळत नाही?

तक्तेबहाद्दर

एकमेकांपासून लांब असलेल्या विमानतळांच्या जोड्यांचा तक्ता करतोय. रकाने तीन : अंतर, लागणारा वेळ, आणि दोन्हीकडची स्थानिक वेळ. पहिली जोडी सिंगापूरचं चांगी आणि न्यूयॉर्कचं जेएफके घेतली. पुढे याच पद्धतीने पन्नासेक जोड्या भरायच्या आहेत, त्यामुळे पद्धत आधी पक्की झालेली बरी. अडलंय ते असं :

१. अंतर सांगणाऱ्या साइटवर १५,३४९ किमी आहे. माझ्या स्प्रेडशीटमध्ये ५,३२० आलं. चुकलंय हे उघड आहे, पण कुठे ते सापडत नाही. शिवाय एके ठिकाणी ९,५३७ मैल लिहिलंय आणि दुसरीकडे ८,२८७ मैल. खरं कोणतं?

२. १५,३४९ ला ९०० ने भागलं तर १७ तास होतात. वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या आसपास दिसतात. दीड तास गेला कुठे?

३. गोलावर दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो. विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ट्रॅकिंग साइटवर मात्र सिंगापूरहून निघालेलं विमान जपानच्या बाजूने पॅसिफिकवरून जाताना दिसतं आणि कापलेलं अंतर १६ हजारांच्या वर जातं. तक्त्यात कोणतं अंतर लिहू?

४. दुपारी सिंगापूरहून निघालेलं विमान त्याच तारखेच्या संध्याकाळी न्यूयॉर्कला. वाररेषा ओलांडली म्हणून एक दिवस वजा करायचा का? केला तर आदल्या दिवशीची तारीख येते, आणि तेही पटत नाही.

लंबवर्तुळ

आधी ५,३२० चं बघू, कारण तो आकडाच चूक सांगतोय. जेएफकेचा रेखांश ७३.७८ *पश्चिम* आहे. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे चिन्हाने लिहायचे असतात. तुमचं उणे गळलं, त्यामुळे न्यूयॉर्क ७३.७८ पूर्वेला, म्हणजे थेट किर्गिझस्तानात जाऊन बसलं. सिंगापूर ते किर्गिझस्तानातला तो डोंगर ५,३२० किमी आहे खराच. स्प्रेडशीटचं उत्तर बरोबर होतं, गाव चुकलं होतं.

सूत्र हे :

कॉस(क) = साइन(अ१) × साइन(अ२) + कॉस(अ१) × कॉस(अ२) × कॉस(रे२ − रे१)

अ म्हणजे अक्षांश, रे म्हणजे रेखांश, क म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन. स्प्रेडशीटला कोन रेडियनमध्ये लागतो, अंशात नाही. हे विसरलं तर उत्तर येतं, पण ते कशाचंच नसतं. क रेडियनमध्ये आला की ६,३७१ ने गुणा, किलोमीटर मिळतील.

चांगी : १.३५९२, १०३.९८९४
जेएफके : ४०.६३९७, −७३.७७८९

कोन १३७.९५ अंश येतो, अंतर सुमारे १५,३४० किमी. साइटपेक्षा नऊ-दहा किमी कमी. ही चूक नाही. सूत्र पृथ्वीला नेमका गोल मानतं आणि पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे. गंमत अशी की चपटेपणामुळे ध्रुवाकडे अक्षांशाचा एक अंश *मोठा* होतो : विषुववृत्ताशी ११०.५७ किमी, ध्रुवाशी १११.६९ किमी. तुमचा मार्ग ध्रुवाच्या अंगणातून जातो, म्हणून खरं अंतर थोडं वाढतं. तक्त्यासाठी गोलाचं सूत्र पुरेसं आहे. ते खऱ्यापासून अर्ध्या टक्क्याच्या पलीकडे सहसा जात नाही आणि इथे तर ०.०७ टक्क्यांतच आहे.

या जोडीची पडताळणी कागदावरही होते. दोन्ही रेखांशांत १७७.८ अंशांचं अंतर आहे, म्हणजे दोन्ही गावं जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर. मग सिंगापूरहून ध्रुवापर्यंत जा (९० − १.३६ = ८८.६४ अंश) आणि ध्रुवावरून न्यूयॉर्कला उतरा (९० − ४०.६४ = ४९.३६ अंश). बेरीज १३८ अंश. गुणिले १११.२ म्हणजे १५,३४५. झालं. खरा बृहद्वृत्ताचा (गोलावरचा सर्वांत आखूड) मार्ग ध्रुवाला सुमारे २८० किमी अंतरावरून वळसा घालतो.

मैलांचं : ९,५३७ हे जमिनीवरचे मैल (१.६०९ किमी) आणि ८,२८७ हे सागरी मैल (१.८५२ किमी). दोन्ही एकच अंतर. विमानवाहतुकीत नुसतं "मैल" म्हटलं तर बहुतेक वेळा सागरीच. उलटसुलट गुणलं तर १७,६६० नाहीतर १३,३३० किमी मिळतील आणि दोन्ही आकडे दिसायला शहाण्यासारखे दिसतात, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने तक्त्यात राहू शकते.

अजून एक सापळा. विमानतळांची अधिकृत स्थानं अंश-मिनिट-सेकंदात छापतात. जेएफके ४० अंश ३८ मिनिटं २३ सेकंद. ते ४०.३८२३ असं भरलं तर एका फटक्यात सुमारे २९ किमीची चूक. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून मगच मिळवा.

भरारी_२

दीड तासाचं मी सांगतो.

वेळापत्रकातला वेळ हा हवेतला वेळ नसतो, तो "ब्लॉक टाइम" असतो. चाकांखालचे ठोकळे निघून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पलीकडे जागेवर उभं राहून ठोकळे लागले की बंद. ट्रॅकिंगवरचा वेळ बहुधा चाकं धावपट्टी सोडतात ते टेकतात एवढाच. दोन्ही आकड्यांची तुलना करायची तर आधी टॅक्सीचा, म्हणजे विमान जमिनीवर चालत जातं तो वेळ काढा. मोठ्या विमानतळावर निघताना १५ ते २५ मिनिटं आणि उतरल्यावर ५ ते १५ मिनिटं धरायला हरकत नाही. जेएफकेसारख्या ठिकाणी संध्याकाळच्या गर्दीत रांग यापेक्षा लांबते.

मग चढण आणि उतरण. ३५ हजार फुटांवर पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तोवर विमान ९०० ने जात नसतं. बहुतेक ठिकाणी १० हजार फुटांखाली २५० नॉटची (ताशी २५० सागरी मैल) वेगमर्यादा आहे. उतरताना ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३६ हजार फुटांवरून खाली यायचं तर १०८ सागरी मैल आधी नाक खाली करावं लागतं, वेग कमी करायला आणखी दहा-पंधरा. दोन्ही टोकांना मिळून सपाट उड्डाणाच्या तुलनेत दहा-पंधरा मिनिटं जातात.

आणि ९०० हा आकडाही दगडावर कोरलेला नाही. विमान माख आकड्यावर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या कितव्या पटीत जायचं त्यावर चालवतात. या मार्गावरचं एअरबस ए३५०-९०० यूएलआर (अतिलांब पल्ल्याचा प्रकार) साधारण ०.८५ माखचं विमान. बाहेर उणे ५६.५ अंश असेल तर ०.८५ माख म्हणजे ताशी सुमारे ९०३ किमी. हवा आणखी दहा अंशांनी थंड झाली की तोच ०.८५ माख ८८२ वर येतो. वैमानिकाने काही केलेलं नसतं, थंड हवेत आवाजाचाच वेग कमी होतो. वर, इतक्या लांबच्या उड्डाणात इंधन वाचवायला ०.८४ वगैरेही ठेवतात.

शेवटी वेळापत्रकातली गादी. विमान कंपनी त्या मार्गाचे मागचे प्रत्यक्ष वेळ बघून थोडी सैल वेळ छापते. म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान "वेळेवर" पोहोचतं.

तक्त्यासाठी ठोकताळा : अंतर भागिले ८५०, अधिक अर्धा तास. १५,३४९ ला ते १८.५६ तास देतं, म्हणजे १८ तास ३४ मिनिटं. तुमच्या वेळापत्रकाशी जुळलं की नाही?

वाटसरू

+१. वाऱ्याची काळजी करू नका. जाताना मिळालं तेवढं येताना जातं, सरासरी शून्य.

उंच_हवा

@वाटसरू, नाही. शून्य होत नाही. ७,००० किमी अंतर घ्या, विमानाचा हवेतला वेग ९००, वारा १००. वारा पाठीशी : ७,००० ÷ १,००० = ७ तास. वारा तोंडावर : ७,००० ÷ ८०० = ८ तास ४५ मिनिटं. बेरीज १५:४५. वाराच नसता तर १५:३३. वारा दोन्ही खेपांत सारखाच असला तरी नुकसान होतं, कारण तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त *वेळ* असतं.

आणि सरासरी ८५० च्या सूत्रावर विसंबूनही भागत नाही. लंडन हीथ्रो ते जेएफके सुमारे ५,५५० किमी. सूत्र सांगतं सात तास. न्यूयॉर्कहून लंडनकडे येताना ते बरोबर बसतं, कारण जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. लंडनहून न्यूयॉर्कला मात्र आठ तासांच्या आसपास लागतात. मध्य अक्षांशांवर पूर्व-पश्चिम जाणारी जोडी असेल तर एकच "वेळ" रकाना ठेवू नका. जाण्याचा वेगळा, येण्याचा वेगळा. हिवाळ्यात जेट स्ट्रीम जोरात असते, तेव्हा फरक आणखी रुंदावतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या जोड्यांत हा फरक बराच कमी.

आता तक्तेबहाद्दर यांचा तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यांत रंजक वाटतो. विमानाला जमिनीवरचं अंतर कापायचं नसतं, हवेतलं कापायचं असतं. उड्डाण आखणारे डिस्पॅचर बघतात ते हेच : या वाऱ्यात, या मार्गाने गेलं तर हवेतून किती मैल जावं लागेल. सिंगापूरहून न्यूयॉर्कसाठी ध्रुवाची वाट जमिनीवर सर्वांत आखूड आहे. पण पॅसिफिकवरून गेलं तर जपानच्या पुढे जेट स्ट्रीम पाठीला लागते. हिशेब करून बघा. समजा त्या वाटेने १६,५०० किमी झाले आणि वाऱ्यामुळे जमिनीसापेक्ष सरासरी ९४० मिळाली : १७ तास ३३ मिनिटं. त्यात चढण-उतरणीची १५, टॅक्सीची ३० आणि गादीची १० मिनिटं घाला, १८ तास २८ मिनिटं होतात. अंतर हजारावर किलोमीटरने वाढलं आणि वेळ वेळापत्रकातलीच राहिली.

या जोडीची खासियत अशी की दोन्ही गावं जगाच्या दोन टोकांना असल्यामुळे पूर्वेकडून जा की पश्चिमेकडून, फार बिघडत नाही. त्यामुळे त्या त्या दिवशीचा वारा बघून वाट निवडायला वाव राहतो. ट्रॅकिंगवर सोमवारची आणि गुरुवारची रेघ एकसारखी दिसली नाही तर त्याचं कारण हे.

तक्तेबहाद्दर

ठोकळ्यांपासून ठोकळ्यांपर्यंत, हे कळलं. उणे चिन्ह घातलं, १५,३४० आलं. पण मग ध्रुवावरून जाणं हे फक्त वाऱ्यामुळे टाळतात का? वारा नसेल त्या दिवशी जातात?

नकाशेवाला

वारा हे एक कारण. बाकीची अशी.

हवाई हद्दी : तो ताणलेला दोरा सिंगापूरहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो आणि चीन, मंगोलिया, सायबेरिया ओलांडून ध्रुवाशी जातो. प्रत्येक देशाची परवानगी, शुल्क आणि ठरलेले मार्ग असतात, दोऱ्यावरून कोणी उडू देत नाही. हद्द बंद झाली की काय होतं याचं ठळक उदाहरण हेलसिंकी-टोकियो. अंतर सुमारे ७,८०० किमी, रशियावरून साडेनऊ तासांचं उड्डाण. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशियाची हद्द फिनलंडच्या विमानांना बंद झाली आणि तेच उड्डाण ध्रुवावरून वळसा घेऊन सुमारे १३ तासांवर गेलं. विमानतळ जागचे हलले नाहीत, साइट अंतर आजही तेच दाखवतात. तुमच्या पन्नास जोड्यांत युरोप-पूर्व आशिया असेल तर ८५० चं सूत्र तिथे सपशेल झोपेल.

पर्यायी विमानतळ : दोन इंजिनांच्या विमानाला मार्गातल्या कुठल्याही क्षणी, एक इंजिन बंद पडलं तरी, ठरावीक मिनिटांत एखाद्या योग्य विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे. याला ईटॉप्स म्हणतात. ए३५०-९०० ला युरोपच्या नियामकाने २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंत मान्यता दिली, त्यामुळे या विमानाला नुसत्या मिनिटांची अडचण क्वचितच येते. पण तो पर्यायी विमानतळ त्या वेळी उघडा हवा, हवामान बरं हवं, आणि उणे ३० मध्ये शे-दीडशे माणसं उतरवली तर त्यांना ठेवायची, परत आणायची सोय हवी. अमेरिकेच्या नियमांत ७८ अंश उत्तरेच्या वर जाणाऱ्या उड्डाणांसाठी याची आधीच लेखी आखणी लागते.

संपर्क : विषुववृत्तावरचे भूस्थिर उपग्रह ८२ अंशांच्या पुढे क्षितिजाखाली जाऊ लागतात. तिथे एचएफ (लांब पल्ल्याचा उच्च वारंवारितेचा) रेडिओ, नाहीतर ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांची यंत्रणा लागते. सौर वादळ असलं की एचएफ बोंबलतो, आणि त्या दिवशी ध्रुवाची वाट सोडावी लागते.

आणि इंधनाचं तापमान. हे लोकांना माहीत नसतं. अमेरिकेत भरतात ते जेट ए, त्याचा गोठणबिंदू उणे ४०. बाकी बहुतेक जगात जेट ए-१, उणे ४७. बाहेर उणे ७० असलं तरी ०.८५ माखने घासत जाणाऱ्या हवेमुळे पंखाला प्रत्यक्ष लागतं ते उणे ४० च्या आसपास, आणि काही तासांनी टाकीतलं इंधन त्याच्याकडे सरकायला लागतं. गोठणबिंदूच्या तीन अंश वर ही सर्वसाधारण मर्यादा. तिथवर आलं की खाली उतरायचं, नाहीतर कमी थंड हवेकडे मार्ग वळवायचा. वेग वाढवूनही तापतं, पण ०.०१ माखने जेमतेम पाऊण अंश. खाली उतरलं की इंधन जास्त जळतं आणि वेळेचंही गणित बदलतं. न्यूयॉर्कहून जेट ए भरून निघालेल्या विमानाला म्हणूनच ध्रुवाच्या वाटेवर थंडीचं भान जास्त ठेवावं लागतं.

वाटसरू

वाऱ्याचं पटलं, मागे घेतो. एक शंका : इतकं लांब जायचं तर इंधन भरपूर भरायचं आणि वेगाने जायचं, प्रश्नच मिटला ना?

भरारी_२

इंधन वाहून न्यायलाच इंधन जळतं. तिथेच गाडी अडते. यूएलआर प्रकारात टाकीची क्षमता १,४१,००० लिटरवरून १,६५,००० लिटर केली. नव्या टाक्या न बसवता त्याच टाक्यांत जास्त भरता येईल असे बदल केले. एअरबस त्याचा पल्ला १८,००० किमी सांगते. तुमचा मार्ग १५,३४९. मधले अडीच हजार किमी उरले असं समजू नका. त्यातच वळसा, समोरचा वारा आणि राखीव सगळं बसवायचं. राखीव म्हणजे मार्गासाठी लागणाऱ्या इंधनाच्या ५ टक्के (मार्गातला पर्यायी विमानतळ नेमून काही अटींवर ३ टक्के), शिवाय दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं, शिवाय शेवटी ३० मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं. या शेवटच्या तीस मिनिटांना हात लागतोय असं दिसलं की आणीबाणी जाहीर करावी लागते.

म्हणूनच सिंगापूर एअरलाइन्सच्या या विमानांत फक्त १६१ आसनं आहेत : ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. २०१८ च्या ऑक्टोबरात ही विमानं आधी न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला जाऊ लागली, कंपनीची जेएफकेची थेट सेवा २०२० च्या नोव्हेंबरपासून. त्याआधी २००४ ते २०१३ नेवार्कला चार इंजिनांचं ए३४०-५०० जायचं. इंधनाच्या खर्चापुढे ते टिकलं नाही.

शून्यरेखांश

चौथा प्रश्न कोणी घेतला नाही, मी घेतो.

वाररेषा विसरा. पूर्ण विसरा. तक्त्यात ती कुठेच येत नाही. सगळं आधी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) न्या, तिथे वेळ मिळवा, मग पलीकडच्या घड्याळात आणा.

सिंगापूर यूटीसी +८. न्यूयॉर्क उन्हाळ्यात −४, हिवाळ्यात −५. समजा सोमवारी दुपारी १२:०० ला निघालं. यूटीसी : सोमवार ०४:००. अधिक १८:३० म्हणजे सोमवार २२:३०. न्यूयॉर्कचं उन्हाळी घड्याळ : सोमवार संध्याकाळचे ६:३०. कागदावर साडेसहा तासांचा प्रवास.

उलट खेप. न्यूयॉर्क, सोमवार रात्री १०:००, उन्हाळा. यूटीसी मंगळवार ०२:००. अधिक १८:४५ म्हणजे मंगळवार २०:४५. सिंगापूर : बुधवार पहाटे ४:४५. सोमवारी निघून बुधवारी, मंगळवार हवेतच गेला.

विमान पॅसिफिकवरून गेलं (वाररेषा ओलांडून) की युरोपवरून (न ओलांडता), पोहोचण्याची तारीख तीच. वाररेषेचा एक दिवस प्रमाणवेळांच्या फरकात आधीच जमा असतो. तुम्ही तो पुन्हा वजा करत होतात, म्हणून आदला दिवस येत होता.

दोन चुका मात्र नेहमी होतात. एक, अर्ध्या तासाच्या प्रमाणवेळा. भारत +५:३० हे स्प्रेडशीटमध्ये ५.३० नव्हे, ५.५. नेपाळ +५:४५ म्हणजे ५.७५. दोन, उन्हाळी वेळ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन-न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तास असतो. सिंगापूर घड्याळ हलवतच नाही. त्यामुळे रकान्यात "−५" हा आकडा कोंबू नका, तारखेवरून फरक काढणारं कोष्टक जोडा.

तक्तेबहाद्दर

हे सोन्यासारखं आहे. रकाने असे करतोय : बृहद्वृत्ताचं अंतर, जातानाचा ब्लॉक टाइम, येतानाचा ब्लॉक टाइम, यूटीसी फरक तारखेनुसार. कापलेलं अंतर टाकत नाही, कारण ते रोज बदलतं. थेट विमान नसेल त्या जोडीला काय करू? दोन तुकड्यांची बेरीज पुरेल?

भरारी_२

प्रत्येक तुकड्याला सूत्र वेगळं लावा. एकूण अंतराला एकदाच लावलं तर दुसरी चढण-उतरण आणि टॅक्सी गळते. हीच जोडी फ्रँकफर्टमार्गे घ्या. चांगी-फ्रँकफर्ट सुमारे १०,२८० आणि फ्रँकफर्ट-जेएफके सुमारे ६,२०० किमी, मिळून १६,५०० च्या जवळ. वळसा फक्त सात टक्क्यांचा. सूत्राने १२.६ आणि ७.८ तास. दोन्ही तुकडे पश्चिमेकडे, म्हणून प्रत्येकी अर्धा ते एक तास वाढवा. वर जमिनीवरचे दोन तास. चोवीसच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे थांब्याने पाच-साडेपाच तास खाल्ले, आणि त्यात वळशाचा वाटा जेमतेम सव्वा तासाचा. थांबा वाटेतच असला तरी फुकट नसतो.

विमान बदलायचं असेल तर विमानतळाने जाहीर केलेला किमान जोडवेळ बघा, पण तो फक्त "तिकीट विकता येतं" एवढंच सांगतो. टर्मिनल बदलणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, सामान स्वतः उचलून परत देणं यांतलं काही असेल तर किमानावर जाऊ नका. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होऊन सामान घ्यावं लागतं, काही अपवाद सोडले तर. तिथे जोडवेळेचा रकाना वेगळाच ठेवा.

लंबवर्तुळ

छोटी भर. अगदी जवळच्या, काही मीटरवरच्या बिंदूंना माझं वरचं सूत्र घसरतं, कारण कॉस १ च्या इतका जवळ येतो की दशांशांची गोळाबेरीज चावते. तिथे हॅवरसाइन (त्याच अंतराचं, लहान कोनांनाही चालणारं दुसरं सूत्र) वापरा. लांबच्या जोड्यांना दोन्ही एकच उत्तर देतात.

तक्तेबहाद्दर

पहिली ओळ भरली, तपासून द्या :

चांगी-जेएफके | १५,३४० (गोल) | १८:३० | १८:४५ | उन्हाळा १२ तास, हिवाळा १३ तास | १२:०० ला निघाल्यास उन्हाळ्यात १८:३०, हिवाळ्यात १७:३०. "हिवाळा" वेळापत्रकाच्या हंगामाप्रमाणे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून धरलाय.

शून्यरेखांश

आकडे बरोबर, शेवटचं वाक्य चूक. विमान कंपन्यांचा हिवाळी हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, पण न्यूयॉर्कचं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं. मधल्या आठवड्यात हंगाम हिवाळी आणि फरक अजून १२ च. त्या आठवड्यासाठी १८:३० च ठेवा. मार्चमध्येही तसंच, फक्त उलट : घड्याळ आधी पुढे जातं, उन्हाळी हंगाम नंतर सुरू होतो. तारखेवरून फरक काढणारं कोष्टक जोडलंत की ही ओळ आपोआप सुधारेल.